पालक सभेत हात कुणासाठी वर करायचा?

वाचक-पत्राचा गोषवारा: माझी दोन्ही मुलं गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत, मुलगा चौथीत, मुलगी दुसरीत. शाळा पहिली ते सातवी, पट ११८. शाळा व्यवस्थापन समितीची मुदत संपलीय आणि पुढच्या आठवड्यात पालक सभा आहे. अध्यक्ष माझे चुलत दीर होणार असं आधीच ठरल्यासारखं आहे. ते ग्रामपंचायतीची बारीकसारीक कामं घेतात, शाळेच्या कंपाउंडसाठी त्यांनीच पाठपुरावा केला होता. त्यांचा मोठा मुलगा तालुक्याला इंग्रजी शाळेत आणि मुलगी इथे सातवीत. दुसरं नाव वस्तीवरच्या एका बाईचं आहे. ती मजुरीला जाते, सातवी शिकलेली आहे. पोषण आहार पातळ येतो म्हणून शाळेत जाऊन बोलणारी तीच एकटी. मनातून मला ती हवी. पण भरसभेत तिच्यासाठी हात वर केला तर घरात राहणं अवघड होईल. शिवाय तिला हिशेबातलं काय कळणार, असंही वाटतं. निवड बिनविरोध होऊ द्यावी, की त्या दिवशी घरीच बसावं?

ताई, सभेला जा. मत कुणाला द्यायचं ते पुढे बघू, पण घरी बसण्याचा विचार आधी सोडा. तुम्ही गेला नाहीत तरी हजेरीच्या कागदावर तुमची सही होण्याची शक्यता आहेच. सभेआधी घरोघरी रजिस्टर फिरवून सह्या घेणं हा बऱ्याच गावांत रिवाज झालाय. रजिस्टर दारात आलं तर “सभेतच करते” एवढं म्हणून परत पाठवा. त्यावर कुणाला रागावता येत नाही.

आता मूळ प्रश्न. दीर की ती बाई, अशी दोनच दारं तुम्ही मांडलीत, पण सभेत तशी निवड नसतेच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ खाली ही समिती बनते आणि राज्याने तिची रचना जून २०१० च्या शासन निर्णयात घालून दिलीय. मुख्याध्यापक सदस्य-सचिव असतात. त्यांना सोडून १२ ते १६ सदस्य, त्यातले किमान ७५ टक्के पालक. म्हणजे बारा जणांची समिती धरली तर नऊ पालक. उरलेल्या तिघांत स्थानिक संस्थेचा निवडून आलेला एक प्रतिनिधी, शिक्षकांनी निवडलेला एक शिक्षक आणि पालकांनीच निवडलेली शिक्षणाची जाण असलेली एक व्यक्ती. एकूण सदस्यांत निम्म्या बायका हव्यात, बारात सहा. वंचित गटांतल्या आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. वस्तीवरची साधारण ४० मुलं शाळेत असतील तर नऊपैकी तीन जागा तिकडच्या झाल्या. त्या उपकार म्हणून सोडायच्या नसतात, नियमाने द्याव्याच लागतात.

अध्यक्ष आणि उपाध्यक्ष या पालक सदस्यांमधूनच निवडतात. म्हणजे आधी सदस्य, मग अध्यक्ष. गावोगावी हा क्रम उलटा चालतो. सभा सुरू होताच कुणीतरी अध्यक्षाचं नाव पुकारतं, टाळ्या पडतात आणि बाकीचे सदस्य मुख्याध्यापक ऑफिसात बसून यादीत भरतात. तुम्ही एवढंच म्हणा, “आधी सदस्यांची नावं घेऊ, अध्यक्षाचं नंतर बघू.” या वाक्यात भाऊजींच्या विरोधात काहीही नाही. त्यांच्यासाठी हात वर करा, तिच्यासाठीही करा, आणखी सात जणांसाठी करा. कुणाचा हात कुणाच्या विरोधात गेला हे मोजायला जागाच उरत नाही.

तुमच्या पत्रात एक गोष्ट ओझरती आलीय, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. भाऊजींची मुलगी सातवीत आहे आणि शाळा सातवीपर्यंतच. समितीची मुदत दोन वर्षांची. पण मूल शाळेतून गेलं की पालकाचं सदस्यत्वही जातं, आणि इंग्रजी शाळेतल्या मुलाच्या नावावर ते टिकत नाही. येत्या जूनला मुलगी आठवीसाठी दुसरीकडे गेली की भाऊजींचं पद रिकामं. मग बँकेतल्या सह्या बदलायच्या. त्यासाठी ठराव, ओळखपत्रं आणि बँकेच्या चकरा आल्याच. ऐन शाळा सुरू होण्याच्या दिवसांत, म्हणजे गणवेशाच्या घाईत, शाळेचे व्यवहार अडकून पडतील. घरात बोलायचं तर हेच बोला. “भाऊजी वर्षभरच राहू शकतील, मग दुसऱ्या वर्षी कोण?” हा नियमाचा प्रश्न आहे, नात्याचा नाही. हा नियम भाऊजींच्या कानावर अजून कुणी घातलाच नसेल, असंही असू शकतं. सदस्य म्हणून वर्षभर राहायला त्यांना कुणीच अडवलेलं नाही.

समिती निवडताना म्हणूनच दुसरी ते पाचवीच्या पालकांकडे आधी बघा. त्यांना दोन वर्षं पुरतात. शक्यतो प्रत्येक इयत्तेचा एक तरी पालक असावा, म्हणजे पहिलीच्या वर्गात काय चाललंय ते सातवीच्या बापाला ऐकीव माहितीवरून सांगावं लागत नाही.

आता “हिशेबातलं काय कळणार” याबद्दल. समितीचा हिशेब कसा असतो ते एकदा जवळून बघू, मग ठरवा.

समग्र शिक्षा या सरकारी शालेय शिक्षण योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. १०१ ते २५० पटाच्या शाळेला वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे, म्हणजे पूर्ण रक्कम आली तर ५,००० रुपये. गणवेशासाठी मुलामागे दोन जोडांचे ६०० रुपये. ११८ मुलं धरली तर ७०,८०० होतात. २०२४-२५ मध्ये राज्यभर एकाच कापडाचा प्रयोग झाला, मापांचा आणि शिलाईचा घोळ झाला आणि ते काम पुन्हा समित्यांकडे आलं. म्हणजे साधारण सव्वा लाखाच्या आतबाहेरचा व्यवहार. त्यावर दोन सह्या लागतात, मुख्याध्यापकांची आणि अध्यक्षांची. ही दुसरी सही हेच अध्यक्षपदाचं खरं काम. झेंडावंदनाच्या खुर्चीचा मान त्याच्या मागून येतो.

ही सही करणाऱ्याला लेखापाल असावं लागत नाही. तिला तीन गोष्टी जमल्या पाहिजेत. बिलावरची वस्तू शाळेत आलीय का ते डोळ्यांनी बघणं. कॅशबुक आणि बँकेची नोंद शेजारी ठेवून आकडे जुळतात का ते बघणं. आणि कोऱ्या कागदावर सही न करणं. सातवी शिकलेल्या बाईला हे तिन्ही जमतं. तिसरं न जमणारे पदवीधर मात्र ढिगाने सापडतील.

घोटाळा बहुधा मार्चमध्ये होतो, आणि तोही चोरीपेक्षा घाईमुळे जास्त. समग्र शिक्षाचे पैसे आता शाळेच्या खात्यात पडून राहत नाहीत, पीएफएमएस या सरकारच्या ऑनलाइन पैसे-वाटप प्रणालीतून खर्चाची मर्यादा मिळते आणि न वापरलेली मर्यादा ३१ मार्चनंतर हातची जाते. ती उशिरा आली की पंधरा दिवसांत सगळं उरकायचं असतं. मग तीन दरपत्रकं लागतात म्हणून एकाच दुकानदाराकडून तीन लेटरहेडवर दर लिहून घेतले जातात, तिन्हींवर तेच अक्षर, सातावरची आडवी रेघसुद्धा तीच. खरेदीची यादी डिसेंबरमध्येच तयार ठेवणारी समिती या फेऱ्यात सापडत नाही. शाळा विकास आराखडा कायद्याने समितीनेच करायचा असतो तो याचसाठी. बहुतेक ठिकाणी तो मागच्या वर्षीचा उतरवून काढतात.

भाऊजी कामं घेतात, हे इथे आडवं येतं. त्यांच्या प्रामाणिकपणावर शंका घ्यायची गरज नाही. पण शाळेच्या दुरुस्तीचं काम त्यांनी किंवा त्यांच्या माणसाने घेतलं तर काम करणाराही तेच आणि बिलावर सही करणारेही तेच होतील. सभेत हा प्रश्न सगळ्यांसाठी म्हणून मांडा. ज्या सदस्याचं दुकान किंवा काम खरेदीत असेल त्याने त्या विषयाच्या वेळी बाजूला बसायचं, असा ठराव पहिल्याच बैठकीत घ्या. किराणा दुकानवाल्या सदस्यालाही तो लागू होईल, त्यामुळे कुणा एकावर रोख दिसणार नाही. आणि त्यांचं कर्तृत्व वाया घालवायचंही कारण नाही. कंपाउंड आणणाऱ्या माणसाच्या ओळखी शाळेला हव्याच आहेत. त्या वापरायला अध्यक्षपद लागत नाही, कंपाउंडच्या वेळी तरी ते कुठे अध्यक्ष होते?

आता त्या बाईंचं. आहार पातळ येतो म्हणून बोलणं हा गुण आहे, पण तेवढ्यावर मत देऊ नका. तक्रार करता येणं वेगळं आणि मोजून दाखवता येणं वेगळं. आहाराचं प्रमाण ठरलेलं आहे. पहिली ते पाचवीला मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी-सातवीला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. तुमच्या शाळेत समजा लहान ८० आणि मोठी ३८ हजर आहेत. तर त्या दिवशी धान्य १३ किलो ७०० ग्रॅम आणि डाळ पावणेतीन किलोच्या जवळपास निघायला हवी. तेल पाऊण किलोला थोडं कमी. हजेरीचा फळा बघायचा, कोठीतल्या वजनकाट्यावर डाळ बघायची, मग पातेलं. चव नोंदवहीत “उत्तम” असं महिनाभर एकाच पेनाने लिहिलेलं असेल तर तेही बघायचं. आमटी पातळ असण्याचं कारण कधी डाळ कमी हे असतं, कधी ऐनवेळी हजेरी वाढल्यावर ओतलेलं पाणी. पहिल्यासाठी कोठीचा हिशेब तपासायचा, दुसऱ्यासाठी सकाळची हजेरी स्वयंपाकीणबाईंपर्यंत वेळेत पोचवायची. दोन्हीला एकच ओरडा उपयोगाचा नाही. बाईंना हे समजावून सांगितलं आणि त्यांनी ते उचललं, तर तुमची निवड चुकलेली नाही.

त्यांची खरी अडचण वेगळी आहे. समितीची बैठक महिन्यातून एकदा तरी व्हायला हवी. बैठक सकाळी अकराला ठेवली तर त्यांची मजुरी बुडते. दोन-तीन बैठका त्या येतील, मग येणं थांबेल आणि रजिस्टर घरी सहीला जायला लागेल. म्हणून त्यांचं नाव सुचवताना सोबतच मागणी करा, की बैठक आठवडी बाजाराच्या दिवशी किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर ठेवावी. ही मागणी मान्य झाली नाही तर त्या निवडून येऊनही उपयोग थोडाच. आणि नाव सुचवण्याआधी त्यांना विचारा, कारण ज्या बाईला न विचारता यादीत घालतात तिच्या जागी पुढे नवरा येऊन बसतो. सभेत प्रत्येक बाईने उभं राहून स्वतःच्या तोंडाने “हो, मी काम करीन” म्हणावं, एवढा आग्रह धरा.

सभेआधीच्या चार-पाच दिवसांत मुख्याध्यापकांना एकदा भेटा, जमल्यास आणखी दोन आयांना घेऊन. मागच्या समितीचं इतिवृत्त बघायला मागा आणि दोन वर्षांतल्या २४ बैठकांपैकी किती झाल्या ते मोजा. नुसत्या तारखा मोजू नका, मजकूर बघा. चार महिने ओळीने “मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले” एवढंच असेल तर त्या बैठका कागदावर झाल्यात. मतदान कसं घेणार तेही तेव्हाच विचारा. एका मुलामागे एक मत, की आई-वडील दोघांनाही मत? हे आधी जाहीर झालं नाही तर ज्याच्या मागे गर्दी त्याची समिती. हात वर करण्याऐवजी चिठ्ठीने मत घ्या अशी मागणी दहा-पंधरा पालकांच्या सह्यांनी लेखी द्या. तुमच्यासारख्या अडचणीतल्या बायका तुमच्या मुलांच्या वर्गातही पाच-सहा असतील. त्या एकट्याने बोलत नाहीत, कागदावर सही मात्र करतात. चिठ्ठ्या, एक रिकामा डबा आणि सगळ्यांसमोर मोजणी, एवढ्यात काम होतं. अर्ध्या तासाच्या वर वेळ लागत नाही. मुख्याध्यापकांनी नकार दिला तर भांडत बसू नका. नऊ नावांचा मार्ग तुमच्याकडे आहेच.

उमेदवार काय कबूल करतात तेही ऐका. “त्या गुरुजींची बदली करतो” म्हणणारा एकतर फसवतोय किंवा त्याला काही माहीत नाही. बदल्या जिल्हा परिषदेकडून होतात, समितीच्या हातात त्या नाहीत. “नवीन शिक्षक आणतो” हेही तसंच, ते पटावर आणि संचमान्यतेवर, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदं मंजूर आहेत त्यावर ठरतं. समिती पद रिकामं असल्याचं गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवू शकते आणि त्याचा पाठपुरावा करू शकते. “डिजिटल वर्ग करू” म्हणणाऱ्याला विचारा, वीजबिल कोण भरणार. गावोगावच्या किती शाळांचे प्रोजेक्टर बिल थकल्यामुळे कापडाखाली झाकून पडलेत ते सगळ्यांना माहीत आहे. याउलट “मुलींच्या संडासाला आतून कडी आणि पाणी” असं कुणी म्हणालं तर त्या नावावर खूण करा. हे अनुदानात बसतं, महिन्याभरात होतं आणि झालं की नाही ते कुणालाही बघता येतं.

बिनविरोध निवड वाईट असते असं नाही. सगळ्यांच्या पसंतीची नऊ माणसं मिळाली तर मतदानाचा खटाटोप कशाला? पण बिनविरोध म्हणजे शांतता, हे तुमचं गृहीतक थोडं तपासा. न बोलता झालेल्या निवडीचा वाद नंतर बाहेर पडतो, गणवेश आखूड निघाले की किंवा पोषण आहारात अळी सापडली की. तेव्हा तो शाळेच्या दारात होतो आणि मुलं बघत असतात.

एक पर्याय तुमच्या पत्रात नाहीच. तुमची मुलं चौथीत आणि दुसरीत आहेत, दोन वर्षं पुरून उरतील. पत्र नेटकं लिहिता, म्हणजे इतिवृत्तही वाचाल. सहा बायका भरायच्या आहेत आणि दर वेळी त्या भरताना मुख्याध्यापकांची धावपळ होते. तुम्ही स्वतः सदस्य का होत नाही? घरातून विरोध होण्याऐवजी उलट होईल, आपल्याच घरातलं माणूस समितीत आलं म्हणून सासूबाई कौतुकाने सांगतील. आत गेल्यावर अध्यक्ष निवडताना तुमचं मत समितीतल्या मोजक्या मतांतलं एक असेल, भरसभेत वर गेलेल्या हातांतलं एक नव्हे. त्या बाई अध्यक्ष आणि भाऊजी सदस्य, किंवा तिसराच एखादा पाचवीतला बाप अध्यक्ष आणि त्या बाई उपाध्यक्ष, असं काहीही तिथे जुळू शकतं. हे माझं मत झालं, घर तुमचं आहे आणि त्याचा अंदाज तुम्हालाच.

शहरातल्या वाचकांसाठी दोन ओळी. अनुदानित खासगी शाळेलाही ही समिती लागू आहे, विनाअनुदानित शाळेला नाही. तिथे पालक-शिक्षक संघ असतो आणि शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे त्याच्या कार्यकारी समितीवरचे पालक सोडतीने निवडायचे असतात. शाळेने परस्पर नावं जाहीर केली असतील तर सोडत कधी झाली आणि कुणासमोर, एवढं लेखी विचारा.

ताई, सभा संपली की सगळे चहाकडे वळतील. तुम्ही पाच मिनिटं थांबा. निवडलेल्या सदस्यांची नावं इतिवृत्तात तिथल्या तिथे लिहून घ्यायला सांगा, शेवटच्या नावाखाली आडवी रेघ मारून घ्या, आणि मग सही करा. जमलं तर त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा. रेघेखाली जागा मोकळी राहिली तर रात्रीतून त्यात एखादं नाव वाढू शकतं.